हातखंब्याचा सडा आणि कोंकणचें पाणी

मुंबईहून गोव्याकडे जाणारा राजमार्ग जेथें रत्नागिरी शहराची वाट वेगळी करून देतो, तो तिठा हातखंबा या गांवाचा आहे. आंबा घाट उतरून साखरप्यावरून येणारा कोल्हापूरचा रस्ताहि पालीस या मार्गाला मिळतो आणि येथूनच समुद्राकडे वळतो. प्रवाशाच्या दृष्टीनें हातखंबा म्हणजे गाडी बदलण्याचें ठिकाण. क्षणभर थांबावें, चहा घ्यावा आणि पुढें चालूं लागावें, एवढाच त्याचा संबंध. परंतु कोंकणच्या पाण्याचा इतिहास ज्याला समजून घ्यावयाचा असेल, त्याला याहून सोयीची जागा क्वचितच सांपडेल. उत्तरेस निवळीचा घाट उतरला कीं बावनदी लागते. दक्षिणेस काजळी नदी सह्याद्रीचें पाणी घेऊन भाट्याच्या खाडीकडे जाते. आणि या दोहोंच्या मध्यें जांभ्या दगडाचा उंच, सपाट, उघडा सडा पसरलेला आहे. आषाढांत अशा सड्यावर पाण्याचा नुसता पाट वाहत असतो. वैशाखांत अशाच सड्यांच्या कुशींतील कित्येक वाड्यांना हंडाभर पाण्यासाठीं दूरच्या पऱ्यापर्यंत उतरावें लागतें, किंवा टँकरची वाट पहावी लागते. दोन दृश्यांत अंतर अवघें दहा महिन्यांचें.

या विरोधाचें स्वरूप आंकड्यांनीं अधिक स्पष्ट होईल. रत्नागिरीस वर्षाकांठीं सरासरीनें तीन हजार मिलिमीटरांहून अधिक, म्हणजे जुन्या मापानें एकशेंवीस इंचांच्या आसपास पाऊस पडतो. पुण्यास त्याच्या चतुर्थांशाइतकाच पडतो. तीन हजार मिलिमीटर पाऊस एका एकरावर पडला म्हणजे त्या एकरावर सुमारें एक कोटी एकवीस लाख लिटर पाणी उतरलें. केंद्र सरकारच्या २०१९ सालच्या जलजीवन योजनेनें खेड्यांतील माणसाला दररोज ५५ लिटर पाणी हें प्रमाण धरलें आहे. त्या हिशेबानें पांच माणसांच्या कुटुंबाला सबंध वर्षांत एक लाख लिटर पुरतें. म्हणजे एका एकरावरचा पाऊस सांठवितां आला तर सुमारें एकशेंवीस कुटुंबांची तहान वर्षभर भागेल. असें असतां ज्या प्रदेशांत शेंकडों चौरस मैलांवर हा पाऊस कोसळतो, तेथें उन्हाळ्यांत पाण्याचा तुटवडा पडावा, हें मोठें कोडें आहे.

या कोड्याचीं दोन उत्तरें गेल्या पावणेदोनशें वर्षांत वारंवार देण्यांत आलीं. पहिलें उत्तर असें, कीं झाडी तुटली म्हणून पाऊस कमी झाला. दुसरें असें, कीं पाऊस पूर्वींइतकाच आहे, पण जमिनीला तो धरवत नाहीं. दोहोंपैकीं कोणतें खरें मानावें यावर पुढील सारे उपाय अवलंबून असल्यामुळें हा केवळ पंडितांचा वाद नव्हे.

प्रथम ही भूमि घडली कशी तें पाहिलें पाहिजे. सह्याद्रीचा काळा पाषाण ज्वालामुखीच्या लाव्ह्यापासून सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं बनला. उष्ण आणि ओलसर हवेंत हा पाषाण दीर्घ काळ कुजत राहिला. त्यांतील विरघळणारीं द्रव्यें पाण्याबरोबर निघून गेलीं, आणि लोखंड व ॲल्युमिनियम यांचे अंश मागें राहून तांबडा, सच्छिद्र जांभा तयार झाला. फ्रान्सिस बुकॅनन या प्रवाशानें मलबारांत हा दगड पाहिला आणि १८०७ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासवर्णनांत, वीट या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून, त्याला लॅटराइट हें नांव दिलें. नांव योग्यच होतें. कारण खाणींतून चिरा कापून काढावा आणि विटेप्रमाणें भिंतींत बसवावा, हा कोंकणांतील जुना परिपाठ आहे. कोंकणी माणसाचें घर, विहीर, पाखाडी आणि गडगा ही सारी जांभ्याची करणी आहे.

मात्र घर बांधण्यास उत्तम असलेला हा दगड पाणी राखण्यास उत्तम नाहीं. त्याच्या अंगीं असंख्य छिद्रें व भेगा असतात. पावसाचें पाणी त्यांतून झपाट्यानें खालीं उतरतें, तळाच्या चिकण मातीच्या थरावर अडतें, आणि मग डोंगराच्या कडेनें झऱ्यांच्या रूपानें बाहेर पडतें. म्हणूनच भाद्रपद-आश्विनांत सड्याच्या पायथ्याचे झरे भरभरून वाहतात, माघांत त्यांची धार बारीक होते, आणि चैत्रांत पुष्कळसे आटतात. सड्यावर मातीचा थर इतका पातळ, कीं पावसाळी गवताखेरीज तेथें फारसें कांहीं टिकत नाहीं. तेव्हां उन्हाळ्यांतील टंचाईचें सारें पाप माणसाच्या माथीं मारतां येणार नाहीं. थोडें फार तें या दगडाच्या स्वभावांतच आहे. माणसाचा संबंध येतो तो सड्याच्या खालच्या उतारांशीं. तेथें माती आहे, तेथें झाडी वाढते, आणि तेथेंच पाण्याची गति मंद करण्याचें काम निसर्ग करीत असतो.

या सड्यांवर माणसाचा वावर फार प्राचीन आहे. हातखंब्याजवळचें निवळी, तसेंच उक्षी, जांभरूण, देऊड इत्यादि गांवांच्या कातळांवर खोदलेलीं मोठमोठीं चित्रें अलीकडे उजेडांत आलीं असून, २०२२ सालीं कोंकणांतील निवडक कातळशिल्पांचा समावेश युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादींत झाला. उक्षीस हत्ती आहे. देऊड येथें गेंडा आहे. त्यांच्या काळाविषयीं संशोधकांत मतभेद असले, तरी गेंड्यासारखें गवताळ, पाणथळ रानांत राहणारें जनावर ज्यानें कातळावर कोरलें, त्याच्या डोळ्यांपुढचें कोंकण आजच्यासारखें नसावें, एवढें अनुमान करण्यास हरकत नाहीं. हवामान बदलतें आणि त्याबरोबर भूमीचें रूप पालटतें, याची ही कातळांत कोरलेली आठवण आहे.

ऐतिहासिक काळांत आल्यावर झाडीचा पहिला मोठा उपयोग दिसतो तो आरमारासाठीं. गलबतें, गुराबा बांधावयाच्या म्हणजे सागवानाचें मजबूत लांकूड हवें. तें सह्याद्रीच्या उतारांवरून खाडीच्या तोंडाशीं आणून गोद्यांत घडवीत. अठराव्या शतकाच्या आरंभीं रामचंद्रपंत अमात्यांनीं लिहिलेल्या आज्ञापत्रांत या विषयाचा मुद्दाम विचार केलेला आहे. आरमारासाठीं लांकूड तोडावें, पण परवानगीनें तोडावें. आंबा-फणसादि झाडें रयतेनें लेकरांप्रमाणें दीर्घकाळ जतन करून वाढविलेलीं असतात, त्यांस हात लावूं नये. जीर्ण झालेलें झाड घेणेंच झाल्यास धन्याला राजी करून, द्रव्य देऊन घ्यावें, असा त्याचा आशय. यांत आजच्या अर्थानें वनरक्षण नसेल. परंतु झाड हें एका पिढीच्या कष्टाचें धन आहे आणि तें बळानें नेल्यास प्रजेचा तळतळाट लागतो, ही जाणीव त्यांत स्पष्ट आहे.

१८१८ सालीं पेशवाई गेली आणि इंग्रजी अंमल बसला. पहिल्या दशकांतच डनलॉप या नांवाच्या कलेक्टरानें दक्षिण कोंकणांत जाहीरनामा काढून, रयतेच्या जमिनींतील सागासारख्या झाडांवरचा सरकारी हक्क सोडून दिला. हेतु असा, कीं झाड आपलें झालें म्हणजे लोक तें अधिक प्रेमानें वाढवतील. परंतु त्याच सुमारास मुंबई शहर वाढत होतें. त्याला इमारती लांकूड, सरपण आणि कोळसा यांची अखंड भूक होती, आणि रत्नागिरीच्या प्रत्येक खाडींतून मुंबईकडे जाणारें गलबत तयार होतें. सारा रोखीनें भरावा लागत असे. अशा स्थितींत हक्क मिळाला तो झाड वाढविण्याच्या कामीं न येतां झाड विकण्याच्या कामीं आला. पुढें १८७८ सालच्या कायद्यानें इतर जिल्ह्यांत राखीव जंगलें मोठ्या प्रमाणावर ठरविलीं गेलीं; रत्नागिरी जिल्ह्यांत मात्र सरकारी जंगल नांवापुरतेंच राहिलें आणि बहुतेक डोंगर खासगी मालकीचे झाले. ती स्थिति अद्यापि फारशी पालटलेली नाहीं.

झाडी तुटण्याचें दुसरें कारण शेतीच्या पद्धतींत होतें. कोंकणांतील शेतकऱ्याजवळ भाताची सपाट जमीन थोडी; म्हणून डोंगर-उतारावरील वरकस जमिनींत तो नाचणी, वरी, हरीक हीं पिकें घेई. दोन-तीन वर्षें पीक काढावें, मग जमीन कांहीं वर्षें पडीत टाकावी, पुन्हां झुडपें तोडून जाळावीं, असा क्रम असे. भातासाठींहि रानाची गरज होतीच. पेरणीपूर्वीं शेण, पालापाचोळा आणि झाडांची टाहळी जमिनीवर पसरून भाजावयाची, यालाच राब म्हणतात. राबाला अडाणीपणा समजण्याची चाल जुन्या जंगल अधिकाऱ्यांत होती. वस्तुतः भाजलेल्या जमिनींत तण मरतें, राखेचें खत मिळतें, आणि धुवांधार पावसापूर्वीं रोप जोमदार होतें. म्हणून शेतकरी राब सोडीत नसे. १८८५ सालीं ठाणें-कुलाब्याच्या लोकांच्या जंगलविषयक तक्रारींकरितां मुंबई सरकारला कमिशन नेमावें लागलें, त्यांतहि राबाचा प्रश्न मुख्य होता. टाहळी तोडल्यानें झाड मरत नाहीं हें खरें. परंतु जोपर्यंत रान विस्तीर्ण आणि माणसें थोडीं, तोंपर्यंतच हा हिशेब जुळतो. माणसें वाढलीं, पडीतीचीं वर्षें घटलीं, आणि उतारावर माती धरणारीं मुळें राहिलीं नाहींत.

येथें खोतीचा उल्लेख अवश्य आहे. रत्नागिरी जिल्ह्यांतील बहुसंख्य गांव खोतांच्या ताब्यांत होते; कुळानें पिकाचा अर्धा किंवा तिसरा हिस्सा खोताला द्यावा अशी अर्धेल-तिर्धेलीची रीत होती. १८८० च्या खोती कायद्यानें कांहीं कुळांना हक्क दिले, तरी लावलेल्या झाडावर कुळाचा अधिकार किती, हा वाद मिटला नाहीं. ज्या जमिनीवर आपली सत्ता उद्यां राहील कीं नाहीं याची शाश्वति नाहीं, तेथें नातवाला सावली देणारें झाड कोण लावील? पाण्याच्या इतिहासांत हक्काचा इतिहास असा गुंतलेला असतो. १९३३ पासून कुलाबा जिल्ह्यांत चरी गांवच्या शेतकऱ्यांनीं नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखालीं दीर्घ संप केला. १९३७ सालीं डॉ. आंबेडकरांनीं मुंबईच्या विधिमंडळांत खोती नष्ट करण्याचें बिल मांडलें. आणि अखेर १९४९ च्या कायद्यानें खोती गेली.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. झाडी तुटल्याचा परिणाम प्रथम ज्यांच्या नजरेस आला त्यांत डॉ. अलेक्झांडर गिब्सन यांचें नांव प्रमुख आहे. दापोडीच्या सरकारी वनस्पतिबागेचे ते प्रमुख होते, आणि १८४७ सालीं मुंबई इलाख्याचे पहिले वनसंरक्षक झाले. दक्षिण कोंकणांतील टेकड्या उघड्या पडल्यापासून झरे व ओढे पूर्वींपेक्षां लवकर आटूं लागले, असा त्यांचा अभिप्राय होता. उष्ण प्रदेशांतील जंगलांच्या नाशाविषयीं ब्रिटिश असोसिएशन या विद्वत्सभेपुढें १८५१ सालीं जो अहवाल आला, त्यांत हिंदुस्थानांतील अशा अनुभवांचा संग्रह आहे. महाराष्ट्रांतहि हा विचार स्वतंत्रपणें झाला होता. जोतीराव फुले यांनीं १८८३ सालीं लिहिलेल्या 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथांत, डोंगरांवरील पानाफुलांचें खत पावसाबरोबर शेतांत येत असे तें बंद झाल्याची तक्रार आहे. शिवाय सरकारनें रिकाम्या शिपायांकडून जागोजाग ताली व बंधारे घालवून पावसाचें पाणी शेतांत मुरवावें, अशी सूचनाहि आहे. मृद्संधारण हा शब्द रूढ होण्यापूर्वीं कित्येक दशकें ही कल्पना मराठींत मांडली गेली होती.

परंतु झरे आटले म्हणजे पाऊस कमी झाला, असें होतें काय? १८७५ सालीं हिंदुस्थानचें हवामानखातें स्थापन झालें आणि ठिकठिकाणच्या पर्जन्यमापकांच्या नोंदी एकत्र होऊं लागल्या. १९०४ ते १९२४ पर्यंत या खात्याचे प्रमुख असलेले सर गिल्बर्ट वॉकर यांनीं १९१० सालीं हवामानांतील तथाकथित बदलांविषयींचा पुरावा तपासला. जंगलतोडीमुळें किंवा कालव्यांमुळें पावसाच्या प्रमाणांत कायमचा फरक पडल्याचें त्यांना आढळलें नाहीं. त्या वेळीं पुष्कळांना हा निर्णय विपरीत वाटला. कारण गांवोगांवचे वृद्ध लोक तर झरे आटल्याचें शपथेवर सांगत होते.

आज मागें वळून पाहतां दोन्हीं पक्ष आपापल्या जागीं बरोबर होते असें दिसतें. कोंकणचा पाऊस समुद्रावरून येणाऱ्या नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांचा. ते वारे सह्याद्रीला अडून वर चढतात, थंड होतात आणि बरसतात. हा व्यापार इतका प्रचंड, कीं हातखंब्याच्या किंवा पालीच्या टेकडीवर झाडें असोत वा नसोत, आषाढांतील ढग त्याची पर्वा करीत नाहींत. पाऊस मोजणारा तज्ज्ञ म्हणून 'फरक नाहीं' असें म्हणतो. पण झऱ्यावर कळशी लावणारी बाई पाऊस मोजीत नाहीं. तो किती काळ जमिनींत टिकला हें मोजते. आणि तेथें फरक पडलेला असतो. झाडीखालची माती पालापाचोळ्यानें, मुळांनीं व किड्यांनीं भुसभुशीत असते. पाणी तिच्यांत शिरतें. उघड्या मातीवर पावसाचे टपोरे थेंब आदळून वरचा थर थापला जातो, पाणी वरून धांवूं लागतें, आणि जातांना तीच माती घेऊन जातें. पुढच्या वर्षीं मुरण्यास जागा आणखी कमी.

येथें एक सावधगिरी बाळगली पाहिजे. झाड पाणी उत्पन्न करीत नाहीं. उलट तें पाणी पितें आणि पानांवाटे हवेंत सोडतें. त्यामुळें कोठेंहि, कोणतेंहि झाड लावलें कीं झरा वाहूं लागेल, हा समज भाबडा आहे. दाट लावलेलीं, झपाट्यानें वाढणारीं झाडें उन्हाळ्यांत जमिनींतील ओल उलट कमीहि करूं शकतात. ज्या उताराची माती गेलेली नाहीं तेथें ती झाडीनें राखणें, आणि जेथें गेली तेथें दीर्घकाळ धीर धरून पुन्हां जमविणें, हेंच खरें काम. झाड हें त्याचें साधन आहे.

वाहून गेलेली माती गेली कोठें याचा शोध घेतला तर आणखी एक गोष्ट दिसते. तिचा कांहीं भाग कोंकणी माणसानेंच हुशारीनें अडविला. ओढ्यांच्या मुखाशीं दगडी ताली घालाव्या, पावसाळ्यांतील गाळ त्यांमागें धरावा, आणि कालांतरानें त्यावर भाताचा मळा करावा, ही पद्धत जुनी आहे. डोंगराचें नुकसान खालच्या मळ्याचा लाभ झाला. उरलेली माती मात्र खाड्यांत जाऊन बसली. राजापुरास १६४९ सालीं इंग्रजांनीं वखार घातली, ती तेथील खाडीवाटे चालणाऱ्या व्यापाराच्या आशेनें. पुढें ती खाडी गाळानें उथळ होत गेली, मोठ्या गलबतांना मुखाजवळच्या जैतापुराशींच थांबावें लागूं लागलें, आणि राजापूरचें बंदरपण संपलें. आज राजापूरचा उल्लेख होतो तो अर्जुना-कोदवलीच्या पुराचें पाणी जवाहर चौकांत शिरल्याच्या बातमींत.

स्वातंत्र्यानंतरचा इतिहास अधिक गुंतागुंतीचा आहे. खोती गेली, १ एप्रिल १९५७ ला कसणारा कूळ मालक ठरला. परंतु वांटण्या होतां होतां सातबाराच्या एकेका उताऱ्यावर वीस-वीस नांवें लागलीं. तरुण माणसें मुंबईच्या गिरण्यांत आणि गोदींत गेलीं. घर मनिऑर्डरीवर चालूं लागलें. डोंगरावरची नाचणी-वरी हळूहळू बंद पडली. वरवर पाहतां हें उतारांना विश्रांति देणारें घडलें, आणि कित्येक ठिकाणीं झाडी पुन्हां उभीहि राहिली. परंतु पडीत रानांत गवत माजलें, गवतांत दर उन्हाळ्यांत वणवे लागूं लागले, आणि उभें राहिलेलें खासगी रान दर आठ-दहा वर्षांनीं ठेकेदाराला सरपणासाठीं विकण्याची रीत पडली. ज्याच्या वांट्याला दोन एकर डोंगर आहे आणि घरांत लग्न किंवा आजारपण आहे, त्यानें रान विकूं नये असें शहरांत बसून सांगणें सोपें आहे. डनलॉपच्या काळचा तोच प्रश्न नव्या वेषांत पुन्हां उभा राहिला: झाड राखल्याचा लाभ सर्वांना, आणि तें न विकल्याचा तोटा मात्र एकट्या मालकाला.

१९९० पासून महाराष्ट्र सरकारनें रोजगार हमी योजनेशीं जोडून फळबाग लागवडीची योजना सुरू केली. कोंकणांत तिचें मोठें स्वागत झालें. ज्या सड्यावर पूर्वीं फक्त गवत होत असे, तेथें कातळांत सुरुंग लावून खड्डे केले, दुरून माती आणून भरली आणि हापूसचीं व काजूचीं कलमें लावलीं. कोंकणी शेतकऱ्याच्या हातीं रोख पैसा आला, हें तिचें यश कोणी नाकारूं नये. तथापि पहिलीं कांहीं वर्षें त्या कलमांना उन्हाळ्यांत पाणी द्यावें लागतें; आणि तें पाणी, जांभ्याचे झरे जेव्हां सर्वांत क्षीण असतात, नेमकें तेव्हांच हवें असतें. खालच्या वाडीची विहीर आणि वरच्या बागेचा पंप एकाच सांठ्यावर जगूं लागले. त्यांत चिरेखाणींची भर पडली. चिरा काढला म्हणजे पाणी मुरविणारा थरच गाडींत भरून पाठविला.

रस्ते आणि रेल्वे यांनींहि उतारांचें रूप पालटलें. कोंकण रेल्वे १९९८ सालीं पूर्ण वाहती झाली. हातखंब्याजवळच्या पानवल येथें दरीवरून जाणारा सुमारें ६४ मीटर उंचीचा पूल तिच्या मार्गांतील सर्वांत उंच गणला जातो. पण तिच्याच मार्गावर पोमेंडीच्या खोदाईंत दरडी कोसळल्या आणि निवसरजवळ भराव खचत राहिला. कारण उघड आहे. जांभ्याखालची चिकण माती पाणी प्याली कीं सरकूं लागते. तिला आधार देणारा उतार कापला, म्हणजे पाणी आपली वाट आपणच करतें. मुंबई-गोवा महामार्गाच्या रुंदीकरणांत परशुराम घाटासारख्या ठिकाणीं हाच अनुभव आला.

आणि आतां, ज्या वेळीं उतार असे दुबळे झाले आहेत, त्याच वेळीं पाऊसहि पूर्वींचा राहिलेला नाहीं. वॉकर यांनीं तपासलेल्या नोंदींत जो बदल नव्हता तो आजच्या नोंदींत दिसतो. मात्र त्याचें कारण टेकडीवरचें झाड नसून सबंध पृथ्वीचें तापमान आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेंतील संशोधकांनीं २०१७ सालीं दाखविलें, कीं १९५० ते २०१५ या काळांत मध्य भारताच्या पट्ट्यांत विस्तृत क्षेत्रावर होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीनें वाढल्या. तापलेल्या अरबी समुद्रावरून येणारी वाढती बाष्पलाट हें त्यांनीं प्रमुख कारण सांगितलें. एकूण पाऊस तेवढाच राहून तो थोड्या दिवसांत पडूं लागला, तर मुरण्यास अवधि मिळत नाहीं. २६ जुलै २००५ ला चिपळूण बुडालें. २२ जुलै २०२१ ला तें पुन्हां बुडालें. त्या वेळीं सह्याद्रीच्या माथ्यावर महाबळेश्वरास चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस झाला, म्हणजे पुण्याच्या वर्षभराच्या पावसाच्या जवळजवळ चार-पंचमांश. वासिष्ठीच्या पात्रांतील गाळ काढावा या मागणीसाठीं चिपळूणकरांना त्यानंतर साखळी उपोषण करावें लागलें. तो गाळ म्हणजे वरच्या डोंगरांची शतकभर वाहून आलेली मातीच होती.

शेतीवरचा परिणाम घरोघरीं कळतो तो आंब्याच्या पेटीच्या भावावरून. हापूसला मोहोर येण्यास कोरडी हवा आणि मार्गशीर्ष-पौषांतील गार रात्री लागतात. पाऊस कार्तिकापर्यंत लांबला कीं झाड मोहोराऐवजीं पालवी धरतें. मोहोरावर पाऊस पडला कीं तो काळवंडतो. फाल्गुनांत एकाएकीं ऊन तापलें कीं सुपारीएवढीं फळें गळतात. नोव्हेंबर २००९ मधील फयान, ३ जून २०२० चें निसर्ग आणि मे २०२१ मधील तौक्ते या वादळांनीं तर अरबी समुद्र शांत असतो हा जुना विश्वासच डळमळीत केला.

या सर्वांतून काय घ्यावयाचें? समुद्राचें तापमान कमी करणें हातखंब्याच्या किंवा रत्नागिरीच्या हातीं नाहीं. त्यासाठीं साऱ्या जगानें आपला कोळसा आणि तेल आवरलें पाहिजे. परंतु पडलेला पाऊस चार आठवडे अधिक थांबविणें हें गांवाच्या हातीं आहे, आणि त्याच्या युक्त्या गांवाला परक्या नाहींत. पाऊस ओसरल्यावर पऱ्यांना माती-दगडांचे कच्चे बंधारे घालण्याची चाल कोंकणांत पिढ्यान्‌पिढ्यांची आहे; त्याच पाण्यावर वायंगणी भात आणि पोफळीचीं आगरें उभीं राहत. अलीकडे सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरून घालतात त्या बंधाऱ्यांना, मोहन धारियांच्या संस्थेवरून, वनराई बंधारे म्हणतात. काम तेंच आहे. गांवोगांवच्या देवरहाट्या लोकांनीं देवाच्या धाकानें राखल्या. १९७० नंतरच्या दशकांत वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनीं महाराष्ट्रांतील अशा देवरायांचा अभ्यास केला, तेव्हां दुर्मिळ झाडें आणि पाण्याचे उगम तेथें टिकून असल्याचें दिसून आलें. ज्या झऱ्यावर वाडी पाणी भरते त्याच्या वरचा उतार देवरहाटीप्रमाणें सोडून द्यावा. त्याच्या मालकाला त्याबद्दल गांवानें किंवा सरकारनें मोबदला द्यावा. आणि त्या उतारावर चिरेखाण किंवा सुरुंग यांस परवानगी नसावी, एवढें जरी झालें, तरी पुष्कळ साधेल.

मोबदल्याचा मुद्दा शहरांतील श्रोत्यांनीं विशेष ध्यानांत घ्यावा. रत्नागिरी शहराच्या नळाला येणारें पाणी पानवल आणि शीळ येथील धरणांतून आलेलें आहे. म्हणजे तें कोणाच्या तरी डोंगरावरून उतरलेलें आहे. मुंबईच्या नळाचीहि गोष्ट वेगळी नाहीं. शहराला पाण्याचें बिल येतें त्यांत धरणाचा, नळाचा, पंपाचा खर्च धरलेला असतो. डोंगर ज्यानें उघडा केला नाहीं त्याचा हिस्सा त्यांत कोठेंच नसतो. रामचंद्रपंतांनीं झाड घ्यावयाचें तर धन्याला राजी करून घ्या असें लिहून ठेवलें होतें. झाड राखून ठेवावयाचें असेल तेव्हांहि धन्याला राजी करणें तितकेंच न्यायाचें आहे. हा व्यवहार जेव्हां होईल, तेव्हां वैशाखांतील टँकरवरचा खर्च आणि आषाढांतील पुराची भरपाई यांतूनच त्याची रक्कम निघूं शकेल, हें हिशेब मांडून पाहणाऱ्या कोणाहि नगरपालिकेच्या लक्षांत येण्यासारखें आहे.